शाबासकी नेमकी कुणाला द्यायची?



आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

चौथीचा वर्ग. पोषण आहाराच्या रांगेत दोन मुलांची जुंपली. तिसरा एक मुलगा मध्ये पडला आणि दोघांना ओढून बाजूला करू लागला. त्यात त्याच्याच शर्टाची बटणं तुटली. मी पोचले तेव्हा तिघंही एकमेकांना धरून उभे होते. मी काही विचारलं नाही. तिघांनाही ओरडले आणि तिघांनाही भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

शाळा सुटताना त्या तिसऱ्या मुलाची आजी आली. भांडायला नाही, शांतपणे विचारायला आली होती. "बाई, भांडण सोडवणाऱ्यालाबी शिक्षा असती व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलाला "माझं चुकलं" म्हणाले. तो लाजून हसला. पण पुढे बरेच दिवस वर्गात कुठं भांडण झालं की तो लांबच उभा राहायचा. एका शिक्षेनं मी त्याला काय शिकवलं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच महिन्यात नाताळ होता. आपण शाळेत नाताळ कसा साजरा करतो, ते तुम्हाला माहीत आहेच. लाल टोप्या, कापसाची दाढी, चॉकलेट, फोटो, आणि ते फोटो लगेच ग्रुपवर. मुलांना मजा येते, त्याला माझी ना नाही. पण ज्याचा जन्मदिवस आहे, तो काय सांगून गेला हे मुलांना कोण सांगणार? म्हणून मी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढून वाचला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन तिथूनच सुरू होतं, आणि त्याची सुरुवातच 'धन्य कोण?' या प्रश्नाच्या उत्तरानं होते.

ती यादी वाचून मी थबकले. मनानं दीन असणारे, शोक करणारे, नम्र माणसं, न्यायाची भूक-तहान लागलेले, दयाळू, स्वच्छ मनाचे, शांती घडवून आणणारे आणि न्यायासाठी छळ सोसणारे, ही माणसं धन्य आहेत असं तिथं सांगितलंय. पहिला नंबर आलेला या यादीत कुठंच नाही. आणि भांडण सोडवणारा मात्र आहे! माझ्या वर्गातल्या शाबासकीच्या यादीत नेमकं उलटं होतं.

मी हा पाठ घेतला, तेव्हा एका पालकांनी विचारलं, "मॅडम, हे आपल्या शाळेत कशाला?" त्यांचा प्रश्न मला रागाचा वाटला नाही, काळजीचा वाटला. मी स्वतः वारकरी घरातली. साधू कुणाला म्हणावं हे सांगताना तुकोबांनीही गांजलेल्यांना जवळ करणाऱ्याकडेच बोट दाखवलं. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलंय की डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या थेट हृदयाला भिडलं, आणि ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले. चांगली शिकवण वाचल्यानं कुणाचा धर्म बदलत नाही. बदलला तर आपला स्वभाव बदलतो.

आणि त्या पालकांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, आपल्या शेजारचीच. उचगावातून आपण कापड घ्यायला गांधीनगरला जातो. तिथं, वळिवड्याच्या माळावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. घरादारातून उचलून सोव्हिएत रशियात नेलेली ही माणसं पुढे इराणमार्गे भारतात आली. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार जण इथं राहिले. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनेसाठी चर्च होतं. ना आपली भाषा, ना आपला धर्म, ना आपलं जेवण. तरी कोल्हापूर संस्थानाच्या मातीत त्यांना आसरा मिळाला. ते गेले आणि फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव त्याच जागी आले. आजचं गांधीनगर त्यातूनच उभं राहिलं.

कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये या पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी तिथं अभिवादन केलं. शोक करणारे आणि दयाळू, त्या यादीतली ही दोन्ही माणसं आपल्या शिवाराला लागून भेटली होती. मुलांना हे सांगा. मग 'दया' हा फळ्यावरचा सुविचार राहत नाही, गांधीनगरच्या रस्त्यावर दिसायला लागतो.

एक धोका मात्र आहे, आणि तो लपवू नये. दीन धन्य, नम्र धन्य, म्हणून गरिबानं गरीबच राहावं, मार खाणाऱ्यानं गप्प बसावं असा अर्थ मुलांपर्यंत गेला तर तो पाठ न घेतलेला बरा. म्हणूनच मी त्याच यादीतल्या 'न्यायाची भूक' या शब्दांवर जास्त वेळ थांबते. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीत सापडलेल्या मुली-बायकांना आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. "तुम्ही दुःखी आहात म्हणून धन्य आहात, बसा गप्प" असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, हाताला काम शिकवलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. नम्रता आणि हिंमत एकाच माणसात राहू शकतात, हे मुलांना रमाबाईंकडे बघून पटतं.

मग वर्गात आणि घरात करायचं काय? मी जे करते तेवढंच सांगते.

पहिलं, भांडण झालं की शिक्षेआधी दोन मिनिटं विचारायचं, "सोडवायला कोण गेलं होतं?" शाबासकी आधी त्याला.

दुसरं, कुणाच्या घरी दुःख झालं असेल तर ते मूल शाळेत परत येतं त्या दिवशी गृहपाठ विचारायचा नाही. शेजारी कोण बसणार, एवढंच ठरवायचं. मुलं आपणहून हात वर करतात.

तिसरं, खरं बोलून चूक कबूल करणाऱ्याची शिक्षा कमी करायची, आणि ती का कमी केली हे सगळ्यांना सांगायचं. नाहीतर आपणच त्यांना खोटं बोलायला शिकवतो.

पालकांसाठी एकच विनंती. मूल घरी आलं की "किती मार्क पडले?" हे जरूर विचारा. त्याच्या जोडीला कधीतरी "आज कुणाला मदत केलीस?" हेही विचारा. पहिले चार दिवस उत्तर मिळणार नाही. पाचव्या दिवशी मूल काहीतरी शोधून आणेल. शोधायला लागलं, म्हणजे डोळे उघडायला लागले.

आपल्याकडून रोज सगळं होत नाही. चाळीस मुलं, माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी, यात चिडचिड होतेच. मीही अजून ओरडते. पण ओरडायला तोंड उघडलं की त्या आजीचा प्रश्न आठवतो, आणि मी आधी विचारते, "काय झालं रे?"

तो मुलगा आता पाचवीत गेलाय. परवा मधल्या सुट्टीत दोन लहान पोरं गोट्यांवरून भांडत होती. मी व्हरांड्यातून बघत होते. तो आधी थांबला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग त्यांच्या मध्ये गेला.

तुमच्या वर्गात असं मध्ये जाणारं मूल कोण आहे? उद्या जरा बघा, आणि त्याला नावानं हाक मारून शाबासकी द्या.