वायनरीच्या दारातला पाहुणा

डिसेंबर सरत आला, की मुंबई-पुण्याच्या गाड्या नाशिककडे वळू लागतात. जानेवारी ते मार्च हा तिथला वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा काळ. पर्यटकांचा आणि कामाचा हंगाम असा एकत्र येणे मोठ्या कंपनीला मानवते. घरच्या माणसांवर चालणाऱ्या छोट्या वायनरीची मात्र त्यात ओढाताण होते.

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आखले, 'सुला'ने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि वाइन पर्यटन रुजले. पुढे 'सुला' शेअर बाजारात गेली. गुरनानी कुटुंबाची 'यॉर्क' २०२१ मध्ये तिच्याकडेच गेली. कुटुंबाच्या हाती राहिलेल्या वायनरींना पाहुणा हवाच आहे. प्रश्न त्याच्या वागण्याचा आहे.

इथे पेल्यात वाइन ओतणाराच अनेकदा पहाटे द्राक्षांतली साखर मोजून आलेला असतो. न कळवता पंधरा जणांनी येऊन धडकणे म्हणजे त्याची अर्धी दुपार हिरावणे. आधी फोन करावा, दिलेली वेळ पाळावी. चव घेण्याच्या शुल्कावर घासाघीस करणे तर अगदीच अशोभनीय. चव घेणे म्हणजे पिणे नव्हे. घोट तोंडात घोळवून समोरच्या भांड्यात टाकला, तरी यजमानाचा अपमान होत नाही. पानात काही टाकू नये, या संस्कारात वाढलेल्यांना हे जड जाते, एवढेच. उग्र अत्तर लावून गेल्यास शेजाऱ्यालाही वाइनचा गंध कळत नाही. मळ्यातला घड तोडणे वाईटच. शिवाय बारीक, बियांची, जाड सालीची ती द्राक्षे खाणाऱ्याची निराशाच करतात. खरेदीची सक्ती नसते. तरीही कुणी तासभर वेळ दिला असेल, तर एखादी बाटली घेणे उचित. दारातल्या विक्रीत मधला विक्रेता नसतो.

खरी कसोटी फाटकाबाहेर असते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय भोवती गाव आहे. सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या जानेवारी २०२२ मधील निर्णयाला राज्यात किती विरोध झाला, हे सर्वांनी पाहिले. रस्त्यावर फुटलेल्या बाटलीचा आणि रात्रीच्या कर्कश गाण्यांचा जाब गावकरी शहरात परतलेल्या पाहुण्याला विचारत नाहीत. तो सकाळी त्या कुटुंबालाच द्यावा लागतो.