स्कूल डिस्ट्रिक्टची नोकरी : ‘सरकारी’ म्हणावी का?



“डिस्ट्रिक्टमध्ये लागली” असे कुणाबद्दल सांगताना आपल्या आवाजात जो निवांतपणा येतो, तो ओळखीचा आहे. आपले आईवडील “जिल्हा परिषदेत लागला” म्हणायचे तेव्हा अगदी हाच सूर असे. मुलांच्या वेळेत बसणारे काम, उन्हाळ्याची सुट्टी, घरातल्या सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स, पुढेमागे पेन्शन... आणखी काय पाहिजे? आपल्या ओळखीतल्या कितीतरी ताया नि वहिनी या कामात आहेत. कुणी सब्स्टिट्यूट, कुणी स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात मदतनीस म्हणजे पॅराप्रोफेशनल, कुणी रीतसर लायसन्स काढून गणिताच्या शिक्षिका. घरखर्चात या पगाराचा वाटा मोठा असतोच, पण घरी बसून काढलेल्या वर्षांनंतर स्वतःच्या नावाचा पगार हातात येणे याची किंमत आम्ही वेगळी सांगायला नको.

ही नोकरी मात्र आपण समजतो त्या अर्थाने सरकारी नाही, आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे निर्णय झाले त्यांनी हे फार स्पष्ट केले.

या देशात सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट्स आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचे बोर्ड वेगळे, बहुतेक ठिकाणी गावाने निवडून दिलेले. नेमणूक, पगाराच्या पायऱ्या, रजा, शिस्तीचे नियम हे सगळे राज्याच्या कायद्याच्या चौकटीत ते बोर्ड ठरवते. वर्गात उभे राहण्याचे लायसन्स राज्य देते. आणि परदेशी नागरिकाला या देशात काम करता येईल की नाही हे वॉशिंग्टन ठरवते. प्रिन्सिपल तुमच्या कामावर कितीही खूश असोत, या तिसऱ्या गोष्टीवर त्यांचे काही चालत नाही.

आधी एच-४ची गोष्ट घेऊ, कारण आपल्या वाचकांत या गटातल्या जास्त असाव्यात. एच-४वर कामाची परवानगी, म्हणजे ईएडी, मिळू लागली ती २६ मे २०१५ पासून. तीही सरसकट नव्हे. जोडीदाराचा आय-१४० मंजूर हवा किंवा एच-१बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली हवी. या नियमाविरुद्ध कोर्टात जी लढाई दहा वर्षे चालली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिल्यामुळे थांबली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्याच महिन्याच्या ३० तारखेला दुसरा नियम लागू झाला. तोवर काय होते, की ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला आणि एच-४चा मुक्काम पुढच्या तारखेपर्यंत मंजूर असला, तर जुने कार्ड संपले तरी ५४० दिवसांपर्यंत काम आपोआप चालू ठेवता येई. ३० ऑक्टोबर २०२५ला किंवा त्यानंतर भरलेल्या अर्जांसाठी ही सवलत काढून घेण्यात आली.

आयटी कंपनीत असा खंड पडला तर मॅनेजर बिनपगारी रजा देऊन दोन महिने जागा धरून ठेवू शकतो. शाळेत वर्ग रिकामा ठेवता येत नाही. फॉर्म आय-९ची तारीख उलटली की डिस्ट्रिक्टच्या एचआरला त्या व्यक्तीला एक दिवसही कामावर ठेवता येत नाही, मग ती फेब्रुवारीतली सकाळ असो की परीक्षेचा आठवडा. पॅराचे काम बहुतेक ठिकाणी ‘अ‍ॅट विल’, म्हणजे लेखी हमी नसलेले. दुसरी व्यक्ती लागली की जागा गेली. ज्या मुलाला बोलता येत नाही, ज्याला याच बाईंच्या हाताची सवय झाली आहे, त्याचे काय, हा प्रश्न इमिग्रेशनच्या कुठल्याच फॉर्मवर नसतो. नूतनीकरणाचा अर्ज कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. तो दिवस कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावा, आणि एच-१बी व एच-४च्या मुदतवाढीचे अर्ज त्याच्याशी जुळवून घ्यावेत.

आता एच-१बीवर शिकवणाऱ्यांकडे येऊ. विद्यापीठे लॉटरीतून मोकळी आहेत, हे आपल्याला माहीत असते. शाळाही तशाच असतील असा अनेकांचा समज आहे. तो चूक आहे. एखाद्या विद्यापीठाशी रीतसर संलग्न नसेल तर स्कूल डिस्ट्रिक्टही त्याच ८५,००० व्हिसांच्या लॉटरीत, मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या रांगेत उभी असते. त्यात गंमत अशी, की लॉटरीतून मिळालेला व्हिसा १ ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि शाळा ऑगस्टमध्ये! म्हणून कित्येक डिस्ट्रिक्ट्स जे-१चा मार्ग धरतात. तो तीन वर्षांचा, वाढवून पाच, आणि मग परत.

१९ सप्टेंबर २०२५ला राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर भरण्याची घोषणा केली. ती बारा महिन्यांसाठी होती, आणि पुढच्याच महिन्यात खुलासा झाला की अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना किंवा मुदतवाढ घेणाऱ्यांना ती लागू नाही. म्हणजे भार पडला तो बाहेरून येणाऱ्यांवर. एखाद्या बँकेला हा आकडा जड जाईल, पण अशक्य नाही. ग्रामीण डिस्ट्रिक्टच्या बाबतीत हा आकडा एका शिक्षकाच्या वर्षाच्या पगाराहून जास्त आहे, आणि तो गावाच्या प्रॉपर्टी टॅक्समधून भरा असे कुठले बोर्ड म्हणेल? डिसेंबर २०२५ मध्ये वीस राज्यांनी या शुल्काविरुद्ध दावा लावला, त्यात शिक्षकांची टंचाई हा एक मुख्य मुद्दा होता. त्याच महिन्यात चेंबर ऑफ कॉमर्सच्या वेगळ्या दाव्यात मात्र वॉशिंग्टनच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. आणि डिसेंबर संपता संपता लॉटरीचाच नियम बदलला. वरच्या वेतनश्रेणीला जास्त संधी, खालच्या श्रेणीला कमी. कंपनी पगार वाढवून वरची श्रेणी गाठू शकते. शिक्षकाचा पगार पदवी आणि अनुभवाच्या छापील तक्त्यावर ठरलेला. तिथे सुपरिंटेंडंटचेही हात बांधलेले.

हे शुल्क कोण भरणार, हा प्रश्न मात्र नवा नाही. मेरीलंडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळांचे प्रकरण आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाही, पण ते प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. या डिस्ट्रिक्टने एच-१बीवर परदेशी शिक्षक आणले, बहुतेक फिलिपिन्सचे. अर्जाच्या फिया शिक्षकांनीच भरल्या. कायदा असा आहे की हा खर्च मालकाचा. तो कामगाराच्या माथी मारल्यामुळे त्याचा पगार ठरलेल्या किमान पातळीखाली गेला, तर तो पगारचोरीच मानला जातो. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने १,०४४ शिक्षकांचे सुमारे ४२ लाख डॉलर परत द्यायला लावले. इथवर कथा छान आहे. पण तडजोडीत आणखी एक शिक्षा होती. दोन वर्षे या डिस्ट्रिक्टला परदेशी कर्मचाऱ्यांसाठी नवे अर्ज किंवा मुदतवाढीचे अर्ज करण्यास बंदी. झाले असे, की ज्यांची फसवणूक झाली त्याच शिक्षकांचे व्हिसा एकेक करून संपत गेले आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळे काय?

लुइझियानातल्या ईस्ट बॅटन रूज भागात फिलिपिनो शिक्षकांकडून अवाच्या सवा पैसे उकळणाऱ्या भरती-एजंटाविरुद्ध २०१२ मध्ये ज्युरीने ४५ लाख डॉलरचा निकाल दिला. तेव्हा पुण्या-नाशिकच्या कुणा भाचीला “अमेरिकेत शिक्षकाची नोकरी, फक्त एवढे लाख भरा” असा फोन आला, तर तिला या दोन गोष्टी जरूर सांगाव्यात.

स्टेटसचा प्रश्न नसलेल्यांसाठीही एक कागद महत्त्वाचा आहे, तो म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या १९७७च्या कायद्याने दोन वर्षांच्या परिविक्षेनंतर शिक्षक कायम होतो, हे आपल्या मनात घट्ट बसलेले असते. (तिथेही आता सगळे पूर्वीसारखे नाही. १ सप्टेंबर २०२५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणे भाग पाडले. गावाकडच्या आपल्या भावाबहिणींकडून याचे किस्से ऐकले असतीलच.) इथे न्यू जर्सीत टेन्युअर चार वर्षांनी, कॅलिफोर्नियात दोन वर्षांनी, तर टेक्सासमध्ये आधी परिविक्षा आणि मग बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीचे करार.

आपण भारतीय मंडळी हा करार नोकरी ‘मिळण्याचा’ कागद समजतो. तो नोकरी ‘सोडण्याचा’ही असतो. टेक्सासमध्ये शाळा सुरू होण्याच्या ४५ दिवस आधीपर्यंत राजीनामा दिला तर ठीक. त्यानंतर बोर्डाच्या संमतीशिवाय सोडल्यास डिस्ट्रिक्ट राज्याकडे तक्रार करू शकते आणि लायसन्सवर कारवाई होऊ शकते. न्यू जर्सीत नोटीस ६० दिवसांची, आणि ती न देता गेल्यास लायसन्स वर्षभरापर्यंत निलंबित होऊ शकते. आपल्या घरांत “ह्यांचा प्रोजेक्ट डॅलसहून शार्लटला हलला, पंधरा दिवसांत निघायचे” हे किती वेळा घडते! टेक्सासच्या नियमात जोडीदाराने एम्प्लॉयर बदलल्यामुळे दुसऱ्या शहरात जावे लागणे हे योग्य कारण मानले आहे. पण शब्द एम्प्लॉयर बदलण्याचे आहेत. कन्सल्टिंग कंपनी तीच आणि क्लायंट फक्त वेगळा, अशा वेळी हे कारण जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. तेव्हा सामान बांधण्याआधी डिस्ट्रिक्टकडून लेखी मोकळीक घ्यावी. मध्यावर वर्ग सोडला म्हणून लायसन्सवर पडलेला शेरा दुसऱ्या राज्यात गेल्यावरही पाठ सोडत नाही.

जाता जाता सणांच्या रजेबद्दल, कारण गणपती आले की हा विषय मंडळात निघतोच. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळाली. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांत घेतले, पण शाळा बंद ठेवायची की नाही हे डिस्ट्रिक्टवर सोडले. जिथे सुट्टी नाही तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी १९८६चा अ‍ॅन्सोनियाचा निकाल अजून महत्त्वाचा आहे. कनेटिकटच्या एका शिक्षकाने धार्मिक दिवसांसाठी जास्तीची पगारी रजा मागितली होती. सुप्रीम कोर्ट म्हणाले, मालकाने वाजवी सोय केली की पुरे, कर्मचाऱ्याला हवी तीच सोय मिळाली पाहिजे असे नाही. बिनपगारी रजाही वाजवी ठरू शकते. फक्त, इतर सगळ्या कारणांना पगारी रजा आणि धार्मिक कारणाला तेवढी नाही, असा भेद चालणार नाही. २०२३ मध्ये ग्रॉफ खटल्यात कोर्टाने आणखी एक केले. “थोडी अडचण होते” एवढे सांगून सोय नाकारता येणार नाही, धंद्यावर खराच मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवावे, असे ठरले. म्हणून “प्रिन्सिपल नको म्हणाले” एवढ्यावर गप्प बसू नये. हँडबुकमधले रजेचे पान काढून लेखी अर्ज करावा.

आणि मंगळसूत्र, टिकली? पेनसिल्व्हेनियात सार्वजनिक शाळेतल्या शिक्षकांनी धार्मिक खूण अंगावर घालू नये असा १८९५चा कायदा होता. तो रद्द व्हायला २०२३ साल उजाडले. नेब्रास्कातला २०१७ मध्ये गेला, ओरेगनमधला २०१० मध्ये.

राहता राहिली पेन्शन. टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत शिक्षकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जात नाही, राज्याची पेन्शन असते. पूर्वी ती पेन्शन मिळाली की दुसऱ्या नोकरीतून कमावलेली सोशल सिक्युरिटी कमी होई. हीच कात्री भारतातल्या सरकारी पेन्शनलाही लागे. ५ जानेवारी २०२५ला सही झालेल्या कायद्याने ही कपात गेली, आणि तीही जानेवारी २०२४ पासूनच्या हप्त्यांना धरून. महाराष्ट्रात शिक्षक म्हणून पेन्शन मिळवून नंतर इथे दहा वर्षे काम केलेले जे आजीआजोबा आपल्यात आहेत, त्यांनी सोशल सिक्युरिटी ऑफिसकडून आपला आकडा नव्याने तपासून घ्यावा. कपात होणार म्हणून ज्यांनी अर्जच केला नव्हता, त्यांनी आता तो करावा.