निऑनचा दिवा निऑननेच बदला
१९७०च्या दशकातल्या फ्लिप क्लॉक रेडिओची मोटर साफसफाई आणि थेंबभर तेलाने बहुधा पुन्हा फिरू लागते. आकड्यांवर उजेड टाकणारा इवला निऑन दिवा मात्र थकलेला असतो. इलेक्ट्रोडचा धातू झिजून काच आतून काळवंडते, उजेड फडफडतो. प्लग काढून त्याच जातीचा दिवा योग्य रेझिस्टरसह डाख देऊन जोडावा. पांढरा एलईडी लावू नये. रात्री उशाशी ती मंद नारिंगी प्रभाच हवी. घड्याळ अमेरिकेतून आणलेलं असेल, तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही: ६० हर्ट्झची मोटर आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर तासाला १० मिनिटं मागे पडते. म्हणून विकत घेण्याआधी मागची पट्टी जरूर वाचा.