रीबूट करून दाखवा!

गेल्या आठवड्यात एका मित्राच्या ऑफिसात गेलो होतो. पठ्ठ्याने मोठ्या कौतुकाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघ, काफ्काची रेस्ट प्रॉक्सी टाकली क्लाउडवर. दोन तासांत. मेसेजेस कसे धो धो वाहतायत!" खरंच वाहत होते. मी विचारलं, "छान. रीबूट केल्यावर उठते का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू लग्नाच्या मांडवात मी घटस्फोटाच्या वकिलाचा नंबर मागितला.

तर मंडळी, आजचा विषय हाच. माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच शिव्या द्यायला सुरुवात करता येईल: जी सर्व्हिस मशीन रीबूट झाल्यावर कुणाचाही हात न लागता आपोआप उठत नाही, ती डिप्लॉय झालेलीच नाही. ती फक्त सध्या चालू आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपल्या धंद्यात तो फरक कुणालाच दिसत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काफ्का म्हणजे मेसेजेसची एक प्रचंड मोठी, न थांबणारी वही. लिंक्डइनमध्ये तयार झाली, २०११ मध्ये ओपन सोर्स झाली. एका बाजूने लोक नोंदी लिहीत जातात, दुसऱ्या बाजूने लोक आपापल्या वेगाने वाचत जातात. पण काफ्काची स्वतःची बोली आहे, ती प्रत्येकाला येत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवतात. हा दुभाषा साध्या एचटीटीपीवर बोलणाऱ्यांचं ऐकतो आणि काफ्काला सांगतो. तीच रेस्ट प्रॉक्सी. काहीच बदललं नाही तर ८०८२ नंबरच्या पोर्टवर बसते. दुभाषा झोपला, तर दोन्हीकडची माणसं ठणठणीत असूनही संवाद शून्य.

आता माझी गोष्ट. २०१८ साल. पुण्यातली एक छोटी कंपनी (नाव सांगणार नाही, चांगली माणसं होती). ट्रकवरची यंत्रं दर अर्ध्या मिनिटाला ठावठिकाणा आणि तापमान पाठवायची. आमचा एक छोटा प्रोग्रॅम ते घ्यायचा, प्रॉक्सीला द्यायचा, प्रॉक्सी काफ्काला. सहा महिने सगळं गुण्यागोविंदाने चालू होतं. क्लाउडवाल्यांची मेल आली होती, की अमुक रविवारी पहाटे खालचं हार्डवेअर दुरुस्त करायचंय, मशीन रीबूट होईल. दोन आठवडे आधी आली होती. पण ती गेली कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये.

पहाटे पावणेतीनला मशीन रीबूट झालं. मशीन उठलं. प्रॉक्सी उठली नाही. सकाळी साडेआठला गिऱ्हाइकाचा फोन आला, तेव्हा आम्हाला कळलं. ट्रकवरच्या यंत्रांची मेमरी काही तासांचीच, भरली की जुनं पुसून नवं लिहायची. एका थंड गाडीत औषधं होती. मधल्या तासांची तापमानाची नोंद नाही, म्हणून पलीकडच्या गोदामाने माल उतरवूनच घेतला नाही. बरोबरच होतं त्यांचं.

आणि ही सगळी वरात कुठल्या क्रमाने उठवायची, हे ठाऊक असणारा आमच्यात एकच जण. तो मिरजेला, हॉस्पिटलमध्ये. वडिलांचं ऑपरेशन चालू होतं. मी त्याला फोन केला. त्याने तिथल्या कॉरिडॉरमधून मला एकेक कमांड तोंडी सांगितली. "अरे, आधी झूकीपर. मग ब्रोकर. मग दोन मिनिटं थांब. थांब म्हणजे खरंच थांब! मग प्रॉक्सी." मध्येच "एक मिनिट हं, डॉक्टर आले" म्हणून फोन ठेवला. अकरा मिनिटं मी काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. सव्वादहाला सगळं सुरू झालं.

सोमवारी मीटिंगमध्ये त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. "याला म्हणतात ओनरशिप!" असं साहेब म्हणाले. हजार रुपयांचं गिफ्ट व्हाउचर दिलं. मीही टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवताना मला एक गोष्ट माहीत होती, ती आज पहिल्यांदाच लिहितोय. सहा महिन्यांपूर्वी ती प्रॉक्सी मी सुरू केली होती. नोहप लावून, शेवटी अँपरसँड टाकून, आणि "नंतर नीट करू" म्हणून. लॉगआउट केल्यावरही प्रोसेस मरत नाही हे बघून मी खुशीत घरी गेलो होतो.

पंधरा ओळींची एक फाइल मी लिहिली असती, तर तो माणूस त्या सकाळी फक्त एका बापाचा मुलगा म्हणून त्या कॉरिडॉरमध्ये उभा राहिला असता.

म्हणून या टाळ्या माझ्या डोक्यात जातात. आग विझवणाऱ्याला व्हाउचर, आणि आग लागूच नये म्हणून शांतपणे पंधरा ओळी लिहिणाऱ्याला अप्रेझलमध्ये "या वर्षी विशेष काय केलं?" असा प्रश्न. ज्याच्या डोक्यात कमांडचा क्रम आहे, त्याला आपण "की रिसोर्स" म्हणतो. खरं तर तो ओलीस असतो.

बरं, या पंधरा ओळी रॉकेट सायन्स नाहीत. २०१० साली सिस्टमडी आलं, २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटूनेही ते मूळ म्हणून स्वीकारलं. त्यावरून लिनक्सवाल्यांनी एकमेकांची डोकी फोडली, तो वाद वेगळा. पण आज बहुतेक क्लाउड सर्व्हरवर ते आहे. तरी लोक काय काय करतात बघा. हे सगळं मी स्वतः केलेलं किंवा शेजारच्या टेबलावर झालेलं पाहिलंय.

पहिला प्रकार: 'स्टार्ट' केलं, 'एनेबल' केलंच नाही. स्टार्ट म्हणजे आत्ता उठ. एनेबल म्हणजे दर वेळी मशीनबरोबर उठ. ट्युटोरियल स्टार्टपाशी संपतं, खाली "अभिनंदन!" लिहिलेलं असतं, आणि आपणही लॅपटॉप मिटतो.

दुसरा: ॲमेझॉनच्या ईसी२ वर मशीन बनवताना यूजर डेटा नावाच्या खिडकीत सुरू करायची कमांड चिकटवायची. लोकांना वाटतं, झालं काम. पण ती स्क्रिप्ट मुळात फक्त पहिल्या बूटला चालते. दुसऱ्या बूटला तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

तिसरा: हाताने चालवलं की चालतं, सिस्टमडीतून चालवलं की "जावा सापडत नाही". कारण जावाचा पत्ता तुम्ही तुमच्या बॅशआरसीमध्ये लिहिलाय आणि सिस्टमडी ती फाइल वाचत नाही. मग लोक सिस्टमडीला शिव्या देऊन पुन्हा नोहपकडे वळतात.

चौथा: सर्व्हिसचा टाइप 'सिंपल' आणि कमांडमध्ये डीमन होऊन मागे जाण्याचा पर्याय. मूळ प्रोसेस संपते, सिस्टमडीला वाटतं काम आटोपलं, आणि ते उरलेल्यांनाही आवरून टाकतं.

पाचवा: 'नेटवर्क नंतर सुरू हो' असं लिहायचं आणि निर्धास्त व्हायचं. साधं नेटवर्क टार्गेट म्हणजे नेटवर्क खरोखर चालू झालं असं नव्हे. त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन लागतं, तेही 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींमध्ये. 'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं, कुणाला बोलावून आणत नाही. आणि ब्रोकर दुसऱ्या मशीनवर असेल तर सिस्टमडीला त्याचा पत्ताही नसतो. तिथे प्रॉक्सीलाच पुन्हा पुन्हा दार वाजवता आलं पाहिजे.

सहावा, आणि सगळ्यांत भयंकर: काफ्काबरोबर येणाऱ्या नमुना कॉन्फिगमध्ये डेटाची जागा टेंप फोल्डरमध्ये दिलेली असते. शिकायला ठीक आहे. पण तीच फाइल प्रॉडक्शनला जाते, आणि कित्येक लिनक्सवर बूट होताना टेंप साफ होतो. म्हणजे सर्व्हिस उठेल हो, अगदी टवटवीत उठेल. पण तिला मागचं काहीच आठवत नसेल!

आता नेहमीचे युक्तिवाद.

"क्लाउडवर कुठे मशीन बंद पडतात?" अरे बाबा, क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी मशीन. ते बंद पडतं, दुरुस्तीला जातं, निवृत्त होतं. ईसी२ नुसतं रीबूट केलं तर पत्ता तोच राहतो, पण थांबवून पुन्हा चालू केलं तर पब्लिक आयपी बदलतो (इलॅस्टिक आयपी घेतला नसेल तर). ब्रोकरच्या कॉन्फिगमध्ये जुना आयपी ठोकून ठेवला असेल, तर सगळं "चालू" दिसेल आणि बाहेरच्या कुणालाच काही मिळणार नाही.

"आम्ही कुबरनेटीस वापरतो." छान. तिथे मेलेला कंटेनर आपोआप पुन्हा उठतो, मान्य. पण तो तयार झालाय की नुसताच श्वास घेतोय, हे ओळखायची तपासणी तुम्हीच लिहायची असते. लिहिलीये का? प्रश्न तोच, फक्त फाइलचं नाव बदललं.

"आपोआप रीस्टार्ट केलं की खरे बग लपतात." हा मात्र खरा मुद्दा आहे, आणि तो मांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. दर तासाला मरून उठणारी सर्व्हिस वरून निरोगी दिसते. म्हणूनच सिस्टमडीत मर्यादा आहे: काहीच बदललं नाही, तर दहा सेकंदांत पाच प्रयत्न, मग ते हात टेकतं. दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर तर फक्त १०० मिलिसेकंद आहे, म्हणजे लगेच मरणारी प्रॉक्सी हे पाच जन्म डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपवू शकते. ते अंतर दहा सेकंद करा, मर्यादा त्या हिशेबाने वाढवा, आणि प्रत्येक रीस्टार्टची सूचना माणसाकडे जाऊ द्या. सर्व्हिसला उठवायचं काम मशीनचं. ती का पडली, हा विचार करायचं काम माणसाचं. आपण नेमकं उलटं करून ठेवलंय.

आणि हो, उठली म्हणजे झालं असंही नाही. प्रॉक्सीतून वाचणाऱ्यांची खाती, म्हणजे कन्झ्युमर इन्स्टन्स, प्रॉक्सीच्याच मेमरीत असतात. ती पडली की खाती गेली. कुठवर वाचलं ही खूण कमिट केलेली असेल तर ती काफ्काकडे राहते, पण वाचणाऱ्याला नवं खातं उघडावं लागतं. तुमच्या क्लायंटला हे येतं का? 'ॲक्टिव्ह, रनिंग' हे हिरवं अक्षर तुम्हाला ते सांगणार नाही. ८०८२ वर टॉपिक्सची यादी मागा, एक मेसेज टाका, दुसऱ्या बाजूने तोच बाहेर येतो का बघा.

"वेळ नाही" या युक्तिवादाला मी उत्तर देत नाही. आम्हालाही नव्हता.

माझी मागणी फार साधी आहे. कुठल्याही सर्व्हिसला "झालं" म्हणण्याआधी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सगळे जागेवर असताना, चहाचा कप हातात घेऊन मशीन रीबूट करा. कीबोर्डला हात लावू नका. पाच मिनिटांनी मेसेज वाहतायत का बघा. वाहत असतील तर झालं. नसतील तर उत्तम, चूक मंगळवारी अकराला सापडली, रविवारी पहाटे पावणेतीनला नाही. आणि ज्याला सगळं येतं, त्याला त्या दिवशी मुद्दाम सुट्टी द्या :-)

मित्राला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता? नको रे, चालू आहे ना, कशाला हात लावतोस?" मी म्हटलं, तू हात लावायला घाबरतोयस, यातच सगळं आलं. शेवटी केलं त्याने. नाही उठली. बॅशआरसी! वीस मिनिटं फाइलशी झटापट, पुन्हा रीबूट, आणि मग उठली. आम्ही खाली जाऊन वडापाव खाल्ला.

मिरजेच्या त्या मित्राचे वडील बरे झाले. त्याला मी ही नोहपची गोष्ट यंदा दिवाळीत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "व्हाउचर तुझ्याकडून वसूल करतो, थांब." असो. द्यायचंच आहे.

ता.क.: काफ्का ४.० पासून (२०२५) झूकीपर गेलंच. म्हणजे उठवायच्या क्रमातली एक पायरी कमी झाली. 'एनेबल' करायचं मात्र अजून आपल्यालाच आहे.