कबुली आणि पुरावा

रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे आमच्या घरची लहानथोर मंडळी दूरचित्रवाणीसमोर जमतात. १९९८ साली सुरू झालेल्या 'सी.आय.डी.' मालिकेचे जुने भाग नातवंडे अद्याप आवडीने पाहतात, आणि खोटे कशास बोलावे, आम्हीही पाहतो. शिवाजी साटम यांनी रंगविलेले एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवीत विचार करतात, दया दरवाजा फोडतो, आणि घटकाभरात गुन्हेगार आपल्या तोंडाने सर्व कबूल करतो. कबुली झाली की कथा संपली. न्यायाधीशाचे दर्शन क्वचितच घडते.

ह्या करमणुकीस आमचा आक्षेप नाही. परंतु तिच्यामुळे जी एक समजूत आमच्या घरात रुजली, तिचे फळ एका निरपराध बाईस भोगावे लागले, ते वाचकांस सांगणे प्राप्त आहे.

मार्गशीर्षात धाकट्या सूनबाईंची मोत्यांची नथ सापडेना. सहा वर्षे आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईवर संशय गेला. पुतण्याने तिला उलटसुलट प्रश्न विचारले. ती गोंधळली; कपाटाच्या खोलीत केव्हा गेलीस म्हणता एकदा सकाळी म्हणाली, एकदा दुपारी. शेवटी रडत म्हणाली, "घेतली असंल मी. पगारातून कापून घ्या, पण पोलिसात नका देऊ." मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. कबुली झाली होती! त्याच दिवशी तिला कामावरून काढले. आम्ही आरामखुर्चीत बसून हे सर्व पाहत होतो. एक शब्द बोललो नाही. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी सूनबाईंनी पैठणी काढली, तेव्हा नथ तिच्या घडीतून खाली पडली.

अशा कबुलीचा विचार कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून अग्राह्य ठरविली. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमातही तोच नियम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य. काही विशेष कायदे सोडले, तर कबुली द्यावयाची ती दंडाधिकाऱ्यापुढे. आणि त्यानेही आधी बजावले पाहिजे की, कबुली देण्यास तू बांधलेला नाहीस, व दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकेल. कारण उघड आहे. भयाने माणूस काहीही कबूल करतो.

हे केवळ साहेबाचे शहाणपण असेही नव्हे. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा नववा अंक पाहावा. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो. तिचे अलंकार भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून गळून पडतात. उद्यानात एका स्त्रीचे प्रेत असल्याचे वीरक सांगतो. आणि जगण्यात रस न उरलेला चारुदत्त आरोप आपल्यावर घेतो. अलंकार खरे, प्रेत खरे, कबुलीही झाली. निर्णय मात्र खोटा, कारण वसंतसेना जिवंत असते. हा अंक आम्ही कितीदा वाचला व वाचून दाखविला. आपल्याच घरात तो घडला, तेव्हा आम्हांस ओळखता आला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली. त्यांस 'पंचशील' म्हणतात. त्यांचे सार असे की, साखळीची प्रत्येक कडी पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे, आणि आरोपी निर्दोष असण्यास वाजवी जागा उरता कामा नये. आमच्या साखळीत होते काय? एका गरीब बाईचे भय, दुसरे काही नाही.

संक्रांतीस आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने तिळगूळ घेतला. काम मात्र पुन्हा धरले नाही. आम्ही निघताना म्हणाली, "मास्तर, बाकीची पोरं हायत. तुमी का गप बसलात?"

मालिका आम्ही अजूनही पाहतो. गुन्हेगाराने कबुली दिली की नातीस विचारतो, "बरे, आता पुरावा काय?" ती वैतागते. पण वाचकांच्याही घरी कधी काही हरवेलच. त्या वेळी प्रथम आपली कपाटे नीट धुंडाळावीत, आणि दुसऱ्यास प्रश्न मागाहून विचारावेत.