कागदी कपाला विटाळ नसतो

हॉटेलात आता कोण जात विचारतो? हा सवाल आपल्याला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणारा शिकलेला असतो, पोटभर जेवलेला असतो, आणि उत्तरासाठी थांबत नाही. तोच पुढं सांगतो, दुपारी आकुर्डीच्या खंडोबा माळ चौकात जाऊन बघा. मराठा, माळी, बिहारी, बौद्ध, सगळे एका बाकड्यावर खेटून वडापाव खातात, चहा पितात. संपली की जात!

त्या बाकड्यावर मी रोज असतो. मिलमध्ये पत्र्याच्या पट्ट्या ओढतो, कंत्राटावर. सुट्टी अर्ध्या तासाची. गेटाबाहेर पडायला पाच मिनिटं, कार्ड दाखवून आत शिरायला पाच. उरल्या वीस मिनिटांत दोन वडापाव आणि एक कटिंग. एवढ्यात कोण कुणाची जात विचारणार? लोकांना सवड नाही, म्हणून काय लोक पुरोगामी झाले?

बाबांनो, गोष्ट ओठाची आहे, उष्ट्याची आहे. मुळापासून बघा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आपल्या माणसाला घेत नव्हते. पगार तिथं जास्त होता. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? विरोध नुसता मालकाचा नव्हता, शेजारी घाम गाळणाऱ्या कामगारभावाचा होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला. पोटाच्या लढाईत ओठाची लढाई आहे, हे तेव्हाच उघडं पडलं.

गावच्या हॉटेलात तेच. आपला कप वेगळा, कान तुटलेला, बाहेर वळचणीला. प्यायचा, आपणच धुवायचा, परत तिथंच ठेवायचा. पैसे मात्र तेवढेच. नाण्याला कधी विटाळ झाला नाही.

कोल्हापुरात गंगाराम कांबळेनं पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यानं भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे, सोबतच्या बड्या लोकांना प्यायला लावायचे. चहा अस्पृश्याच्या हातचा, कप अस्पृश्यानं धुतलेला. लढाई ह्याला म्हणतात. तिथं प्रत्येक घोटाला मन बदलावं लागत होतं, निदान वाकवावं लागत होतं.

पुढं संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता गाडली. १९५५ च्या कायद्यानं हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. तरी वेगळा कप मेला नाही. १९७२ साली बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव हिंडावं लागलं, ते उगाच नव्हे.

आणि आता आला कागदी कप. वा रे वा! आता सगळ्यांनाच वेगळा कप. कुणाचं उष्टं कुणाला धुवायला नको. प्या, चुरगाळा, फेका. माणूस होता तिथंच राहिला, कप बदलला. ज्याचं मन बाटत होतं त्याचं मन कुणी धुतलं नाही, फक्त त्याची अडचण दूर झाली. ह्याला तुम्ही क्रांती म्हणता?

फेकलेला कप उचलतो कोण, ते विचारा. आमच्या मिलमध्ये झाडणाऱ्या सात बायका. सातही आमच्या वस्तीतल्या. मी ज्या बाकड्यावर बसतो त्यावर त्या बसत नाहीत, आडोशाला भाकरी सोडतात. कुणी मनाई केलेली नाही. मनाई करावी लागत नाही, हीच तर ह्या व्यवस्थेची करामत आहे.

म्हणतील, गेटाबाहेर मराठ्याचं, बिहाऱ्याचं पोरही उभंच असतं. खरंय. उपाशी माणसात मी जात बघत नाही. पण आत कायम कामगाराचं कॅन्टीन आहे, स्टीलचं ताट आहे, पंखा आहे, आणि कंत्राटी माणसाला तिथं बंदी आहे. जुन्या कारखाना कायद्यात कॅन्टीनसाठी अडीचशेहून जास्त कामगार लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत आकडा शंभरावर आला, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे असं स्पष्ट लिहिलंय. मग मोजा की आम्हाला! मोजताना त्या सात जणींनाही मोजा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. एक कॅन्टीन, एक रांग, एकच ताट. युनियनवाल्यांनो, पगारवाढीच्या मागणीपत्रात हे पहिल्या पानावर घाला, शेवटच्या नको. आणि 'हॉटेलात कोण जात विचारतो' म्हणणाऱ्या दादांनो, तुम्ही एक करा. चहा पिऊन झाला की उष्ट्या कपांचं ते पिंप एक दिवस तुम्ही उचला. आमच्या बाया बाकड्यावर बसून चहा पितील.

मग बोलू, जात संपली का ते.