रिकामा पट

‘बनगरवाडी’ वाचून झाली तरी शेकूची बायको डोळ्यांपुढून हलेना. बैल एकच उरलाय, रान तसंच पडलंय, म्हणून ती धिप्पाड बाई दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा लावते. व्यंकटेश माडगूळकर हे सांगताना आवाज जराही चढवत नाहीत. तिची कीव करत नाहीत, तिला देवीही बनवत नाहीत. काम अडलंय आणि ते झालं पाहिजे, एवढंच. मी तिथे पुस्तक मिटलं आणि बराच वेळ रडले. माझी आई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते, तीही असंच काही न बोलता.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कादंबरी १९५५ सालची, औंध संस्थानातल्या माणदेशातली. धनगरांच्या लहानशा वाडीवर नेमणूक झालेला राजाराम मास्तर माझ्याच वयाचा असावा. शाळा बंद पडलेली, पोरं मेंढरांमागे. म्हाताऱ्या कारभाऱ्यानं मनावर घेतलं म्हणून शाळा भरू लागते. मग लोक मास्तरकडे कागद लिहून घ्यायला येतात, नोट मोडून आणायला सांगतात, भांडणं मिटवायला बोलावतात. आम्ही इथे पाठाचं टाचण काढतो, तक्ते रंगवतो, सराव पाठ घेतो, आणि ते सगळं लागतंच. पण वाडीनं मास्तरला आपला कसा म्हटलं, हे मला या पुस्तकातच दिसलं. आणि तो आपलेपणा किती नाजूक असतो तेही. मुलगी अंजी, तिच्या चोळीसारख्या साध्या गोष्टीवरून कारभाऱ्याचं मन फिरतं, तो मास्तरशी बोलेनासा होतो. ती पानं वाचताना मला मास्तरपेक्षा कारभाऱ्याचंच जास्त वाईट वाटलं. बाप आहे तो.

वाडी एकजुटीनं तालीम बांधते, प्रत्यक्ष राजेसाहेब येतात. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींना व्यायामाची, सूर्यनमस्कारांची केवढी आवड होती हे ठाऊक असलं, की त्या दिवसाचा वाडीचा आनंद आणखी कळतो. आणि मग पाऊस येत नाही. मेंढरं मरू लागतात, माणसं उरलेलं खांड घेऊन निघून जातात. शाळेत पोरं उरत नाहीत.

काही जणांना ही मास्तरच्या अपयशाची गोष्ट वाटते. मला ते अजिबात पटत नाही. मी बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली घरं कुलूप लावून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान पोरं बरोबरच जातात, फडाशेजारच्या कोपीत राहतात. मी आजीपाशी राहिले म्हणून शिकले. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली गेल्या, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आल्या तेव्हा अक्षरं विसरलेल्या होत्या. हजेरीच्या वेळी त्यांची नावं घेताना आमचे गुरुजी क्षणभर थांबत. त्या थांबण्याला मी अपयश म्हणणार नाही. दुष्काळ मास्तरनं आणला नव्हता, आणि तालीम बांधली तेव्हा ती खरीच बांधली होती.

आता आमच्याकडे हंगामी वसतिगृहं आहेत, त्यामुळे काही पोरं गावातच थांबतात. सगळी थांबत नाहीत. मला नोकरी लागली तर अशाच गावात लागावी असं फार वाटतं. जी पोरं जातील ती कुठल्या कारखान्याला, कुणाच्या टोळीत गेली हे मला माहीत असायला हवं. तिथली जवळची शाळा कुठली, तिच्या मुख्याध्यापकांचा नंबर काय, हेही. राजाराम मास्तरकडे फोन नव्हता. माझ्याकडे आहे.